तीन सेकंद

आमच्या खेळात चेंडू घेऊन पळता येत नाही.
आधीच सांगते, कारण घरकुलातल्या बायका
दर सामन्याला ओरडतात,
"हातात आलाय की! पळ! उभारलीस काय?"

झेलायचा, उभं राहायचं, तीन सेकंदांत सोडायचा.
एवढाच नियम. बाकी हट्टुरे सरांचा आरडाओरडा.

रविवारी शाळेच्या मैदानात दोन रिंगा,
यंत्रमागाच्या भंगार रॉडमधून
चिलवेरीमामांनी जोडलेल्या; एक बोटभर वाकडी.
छातीवरची अक्षरं नापास टॉवेलांची,
माझी जी.डी. धुऊन धुऊन फुगलेली.

चिंचेखाली टेबलं. वजन, बीपी, रक्त.
चौथं पडद्याआड.
पडदा म्हणजे मोराची चादर,
परदेशातून परत आलेली, एका मोराला चोच नाही म्हणून.
तपासणी फुकट, सामना दहा रुपये,
शेंगाचटणीची पुडी वीस;
गल्ला दवाखान्यातल्या वाफेच्या मशिनाला,
कारण जुनं मशीन पेशंटपेक्षा जास्त खोकतं.

डॉक्टरबाई माइकवर तंबाखूबद्दल बोलत होत्या.
समोर चाळीस बायका, मांडीवर सूप,
ऐकता ऐकता वळत होत्या:
पान, चिमूट, गुंडाळी, दोरा.
माना डोलत होत्या, हात थांबत नव्हते.
हजार भरल्याशिवाय कारखान्यात कोण विचारतं?
डॉक्टरबाईंनी पाणी प्यायलं,
पुढचं वाक्य बहुतेक विसरल्या.

मी नावं लिहीत होते.
बोगम लक्ष्मीबाई, सात पूर्णांक दोन.
नदाफ शमशाद, साडेआठ.
"बारा पाहिजे," म्हटलं तर शमशादखाला हसल्या,
"बारा? लग्नातबी नव्हतं बाळ तेवढं."

मग नरसव्वा आल्या.
चार दिवसांआड नळ येतो, तरी
आमच्या बाटल्या भरून ठेवणाऱ्या.
शाळेच्या भिंतीवर खडूनं गुण लिहिणाऱ्या.
गुडघा, म्हणाल्या. मी गुडघा लिहिला.
उठल्या नाहीत.
पदर सारखा केला, आणि तेलुगूत, हळू,
उसने पैसे मागावेत तसं:
डावीकडे, काखेजवळ, गाठ.
केवढी?
मागच्या दसऱ्याला शेंगदाण्याएवढी होती.
एवरिकी चेप्पकु, म्हणाल्या. कुणाला सांगू नको.
आणि खडू घेऊन भिंतीकडे गेल्या.

तिसऱ्या क्वार्टरला चेंडू माझ्याकडे आला.
चांगला आला, छातीवर, घट्ट.
आफरीन ओरडत होती, "डावीकडे! डावीकडे!"
मी तिच्याकडे बघत होते
आणि भिंतीपाशी एक उजवा हात वर होत होता,
फक्त उजवा.

शिट्टी.
धरून ठेवला म्हणून.
चेंडू त्यांना, पुढच्याच फेकीला गोल,
तोही वाकड्या रिंगेतून.
नरसव्वांनी आमच्याविरुद्धचा गुण लिहिला,
ठळक, सरळ, जराही पक्षपात न करता.

मी जी.डी. डोक्यावरून काढली.
सर म्हणाले, "आता? आता कुठं चाललीस बे?"
सहाजणी आहेत की, म्हटलं.

नरसव्वा माझ्याशी बोलल्या नाहीत.
सांगू नको म्हटलं होतं, मी सांगितलंही नव्हतं,
नुसती शेजारी जाऊन उभारले.
बऱ्याच वेळानं त्यांनी खडू माझ्या हातात दिला
आणि बिनचोचीच्या मोराकडे चालू लागल्या,
गुडघा खरंच दुखत असल्यासारख्या.

गल्ला सहा हजार तीनशे चाळीस.
मशिनाला अजून पुरत नाही.
शमशादखालांनी जाताना दोन पुड्या परत आणून दिल्या,
मीठ जास्त झालंय म्हणाल्या, पैसे मागितले नाहीत.

सोमवारी सिव्हिलला, सकाळची बस.
नरसव्वा खिडकीशी, पिशवीत फाइल आणि भाकरी.
कारखाना बुडाला म्हणून रागात.
अर्ध्या वाटेत विचारलं, "कोण जिंकलं?"
माहीत नाही, म्हटलं. कुणी लिहिलंच नाही.

"मग खडू कशाला दिला होता तुला?"