पार्सल ऑफिसचा काटा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची ओझी तोलली
नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात.
संत्र्यांच्या पेट्या, आंदणाची भांडी,
एकदा पिंजऱ्यातली दोन कबुतरं,
ती सारखी उडायला बघत
आणि काटा काही ठरत नसे.

आता माझी पाळी.
नर्मदेच्या कडेकडेनं पायी, पूर्ण वळसा.
निखारेंचा जवाहर दोनदा जाऊन आलेला, म्हणाला,
काकू, सहा किलोच्या वर नेऊ नका,
नाहीतर पहिल्याच आठवड्यात
वाटेवरच्या पोरांना वाटत बसाल.

बर्डीवरून सॅक आणली. रात्री भरली.
रद्दीवाल्या शफीभाईच्या आकड्याला टांगली:
साडेअकरा.
भाभी, परिक्रमेला चालल्या की बिऱ्हाड बदलून राहिल्या?

मग काढत गेले.
आधी जाड स्वेटर, मग पुन्हा घातला, मग दुसरं लुगडं काढलं.
कंगवा अर्धा कापला. टॉवेलचा पाव.
गोळ्यांच्या पाकिटांच्या रिकाम्या कडा
कात्रीनं कापताना स्वतःचंच हसू आलं,
असे किती ग्रॅम, आणि गुडघे तर दोन्ही सोबतच येणार.
धनराजनं गुपचूप सावजी मसाल्याची पुडी कोंबली होती,
तिकडं पाण्यासारखी डाळ खातेत, म्हणाला.
ती काढली तेव्हा तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.
बराच वेळ.

पाच किलो आठशे.
मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी गोळीबार चौक दारात यायला लागला.
पराते वहिनी सव्वा रुपया घेऊन, पोराच्या नोकरीसाठी.
ढाकट्यांची सून, पदरात पाच नाणी,
कशासाठी ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.
एवढं माह्या नावानं टाकजो माय.
कुणाचा रुपया, कुणाचे दोन, कुणी दहाचं ते जाड नाणं
जे इथं दुकानदार घेत नाहीत
आणि नदीला नाही म्हणता येत नाही.

शफीभाईनं तोललं: एक किलो दोनशे.
लोकांच्या इच्छा.

रात्रभर झोप नाही.
सकाळी सगळी नाणी किराण्याच्या दुकानात नेली.
सुट्ट्यांसाठी तरसलेला माणूस, त्यानं लगेच मोजून
कडक नोटा दिल्या, वर एक चॉकलेट.
नोटांना वजनच नसतं.
पाप लागतं का याचं? माहीत नाही.
नावं मात्र एका कागदावर लिहून घेतली, दोन्ही बाजूंनी,
ढाकट्यांच्या सुनेच्या नावापुढं जागा कोरी ठेवून.

एकच गोष्ट बदलून मिळाली नाही.
कोपऱ्यावरच्या मोरेश्वर बुढ्यानं दिलेला
मिलचा पितळी बिल्ला, नंबर झिजलेला.
मिल बंद होऊन किती वर्षं झाली,
हा अजून खिशात घेऊन फिरायचा.
टाकून दे कुठं पाण्यात, म्हणाला,
आणि दिल्यावरही मूठ लवकर उघडेना.
मी साबणाची वडी अर्धी केली.

रात्रीची इटारसीची गाडी उशिरा होती.
सवयीनं पाय पार्सल ऑफिसकडं वळले.
नवा पोरगा ड्युटीवर, ओळखत नव्हता,
मी सॅक काट्यावर ठेवली तर म्हणाला,
मॅडम, हे बुक करायचं आहे का?
नाही, बरोबर नेते आहे.

सहा किलो चारशे, काटा म्हणाला.
पोरगा म्हणाला, जास्त नाही आहे.

हा काटा मी ओळखते.
पाचशे ग्रॅम चढून दाखवतो,
तीन साहेबांना लिहून कळवलं, तिघंही रिटायर झाले.
वजा करायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात गाडीची घोषणा झाली.
उरू द्या तेवढं, म्हटलं,
आणि सॅक खांद्याला लावली.