बर्फ न टिकणारी जागा

तीन दिवस बर्फ पडत होता.
सगळं गाव पांढरं, फक्त डांबर कारखान्याच्या आवारात
एक चौकोन काळा, ओला, उघडा.
गावातली झाडून सगळी मांजरं तिथं येऊन पसरली.
आलोइझची उरलेली कबुतरंही. एकमेकांकडे न बघता.

खाली एकशे चाळीस पोलादी कांबी उभ्या आहेत,
तीन मजली घर उलटं पुरावं इतक्या खोल.
त्यांच्यातून आम्ही वीज सोडतो
आणि माती तापत राहते
उतू जाऊ न देता दूध आटवावं तशी,
आठवडेच्या आठवडे.
शंभर वर्षं मुरलेलं तेल वाफ होऊन सुटतं,
ते नळ्यांनी ओढायचं, गार करायचं,
राहिलेला वास कोळशाच्या पिंपात कोंडायचा.
कोळशाचंच विष, कोळशानंच धरायचं.
काट्यानं काटा म्हणतात, ते हेच,
फक्त हा काटा निघायला दीड वर्ष लागतं
आणि विजेचं बिल वाचताना नगराध्यक्षांना बसावं लागतं.

जे जड असतं, वाफ व्हायला राजी नसतं,
त्याच्यासाठी जिवाणू.
त्यांना हवा फुंकायची, थोडं खत घालायचं.
कोमट मातीत तेही खूश.

माझं काम लहान.
सोळा विहिरी, मनगटाएवढ्या रुंद.
रोज नळी सोडायची, बाटली भरायची,
तारीख घालायची, पेटीत ठेवायची.
सात नंबरचं पाणी सुरुवातीला कोऱ्या चहासारखं होतं,
वर इंद्रधनुष्याची साय.

समोरच्या लाल विटांच्या वस्तीतून
ओतिलियाबाई मांजरांना सूप घेऊन यायच्या.
खिडक्यांच्या चौकटीही लाल तिथं, एकाच डब्यातल्या रंगाच्या.
म्हणायच्या,
डांबरगोळ्या मी आयुष्यात विकत आणल्या नाहीत.
आलोइझ कामावरून आला, कोट कपाटात टांगला,
की वर्षभर लोकरीला कसर लागायची नाही.
लग्नाच्या रात्रीही तोच वास, पोरी.
मला वाटायचं, पुरुषांना असाच येतो.

छप्पन्नाव्या वर्षी गेला. मूत्राशय.
शेजारचा एर्विनही तेच, वरच्या मजल्यावरचाही.
डॉक्टरांनी कारण लिहिलं नाही,
सगळ्या वस्तीला पाठ होतं.

तुम्ही चौकोन तापवा, त्या म्हणायच्या,
पण वास गेला की
खिडकी कशासाठी उघडायची, ते मला सांगा.

मी काय सांगणार?
मी सात नंबरचं झाकण घट्ट बसवत होते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी वीज बंद केली.
सात नंबरचं पाणी आता नुसतं पाणी.
प्रयोगशाळेचा कागद म्हणाला, मर्यादेच्या खाली.
शून्य नाही. खाली.
इथं बालवाडी होईल. तळघर असणार नाही,
फरशीखाली जाड पडदा,
आणि एक मीटरच्या पुढे कुणी खणायचं नाही,
हे कागदोपत्री कायमचं.

मग बर्फ पडला, आणि या वेळी
चौकोनावरही साचला.
मांजरं आली, पंजा टेकवून पाहिला,
झटकला,
आणि फसवलं गेल्यासारखी निघून गेली.
मी फोटो काढून ऑफिसला पाठवला.
एवढा आनंद पांढऱ्या रंगाचा मला कधी झाला नव्हता.

ओतिलियाबाई त्या दिवशी सूप न घेता आल्या.
हातावर तो कोट,
काळा, जड, कधीच न धुतलेला.
बघ, म्हणाल्या.
मी वाकून हुंगला. लोकर. थोडी धूळ.
एवढंच.

कॉलरखाली बारीक भोक होतं.
कसर लागली गं, त्या म्हणाल्या,
आणि करंगळी आरपार घालून
हलवून दाखवली,
लहान मुलाला दाखवतात तशी.

माझ्या पेटीत पंधरा बाटल्या भरलेल्या होत्या.
सोळावी अजून भरायची होती.