गाडीचं साल

विनेमक्काच्या पार्ट्सच्या दुकानात
माइतेनं पहिला प्रश्न टाकला: साल?
मी म्हटलं सत्त्याण्णव,
त्याच दमात अच्युत म्हणाला शहाण्णव,
आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो
नोंदणी कचेरीत बघितलं होतं तसं.

दोन्ही खरं होतं.
चासी, इंजिन, गिअरबॉक्स शहाण्णवचं.
वरचं घर, म्हणजे ओटा, पलंग, संडास, फुलाफुलांचे पडदे,
दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कंपनीनं चढवलं
आणि कागदावर पुढचं साल घातलं.
"घराचं नको," माइते म्हणाली, "चाकांचं सांगा."

मला पाटणकर गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलं.
आई म्हणत होती, भातझोडणी चालू होती हो.
गुरुजी म्हणाले, जूनच सोयीचा,
आणि वर्गातल्या एकोणीस जणांचे वाढदिवस
एका दुपारी उरकून टाकले.
पासपोर्ट, नोकरी, पेन्शन, सगळं त्या जूनवर चाललं.
गुडघे तेवढे भातझोडणीपासून मोजतात.

तर ऑइल फिल्टर.
सहा डॉलर, अकरा, सतरा.
मी एकेक कानाशी धरून हलवला, नारळ घेताना हलवतात तसा.
अच्युत लाजला. माइते नाही.
मधल्याच्या भोकात बोट घालून म्हणाली,
"ही झडप सिलिकॉनची. थंडीत ताठत नाही,
तेल खाली उतरू देत नाही.
सकाळी इंजिन कोरड्या घशानं उठत नाही."
कऱ्हाडच्या एसटी डेपोत माझे वडील म्हणायचे,
गाडी उठवावी, दचकवू नये.
अकरावाला घेतला.

ट्रान्समिशनचा मात्र घोळ.
उथळ पॅनला एक फिल्टर, खोल पॅनला दुसरा,
आणि त्या साली कारखान्यानं दोन्ही बसवलेत,
हाताशी येईल तो.
उघडल्याशिवाय कळायचं नाही.
"दोन्ही न्या. नाही लागला तो परत आणा,
खोक्याला तेलाचे हात लावू नका."

संध्याकाळी खडीवर पुठ्ठा अंथरून अच्युत खाली शिरला,
मी बॅटरी धरली, दुसऱ्या हातात वही.
ही वही गाडीबरोबर मिळालेली, लुंडक्विस्ट नावाच्या म्हाताऱ्याची:
दर एप्रिलला 'ट्रान्समिशन सर्व्हिस',
पुढे निळ्या शाईत बरोबरची खूण.
बावीस एप्रिल, बावीस खुणा.
वहीवर भाळूनच तर गाडी घेतली होती.

शेवटचा बोल्ट सुटला आणि पॅन कलंडला,
अर्धं तेल परातीत, अर्धं अच्युतच्या बाहीत.
कोकमासारखं लाल असायला हवं होतं.
काढा होता. करपलेल्या गुळाचा वास.
लोहचुंबकावर राखाडी लव,
आणि गाळात बोटभर पिवळं प्लॅस्टिकचं बूच.

खोल पॅन निघाला.

उथळ फिल्टर परत द्यायला गेलो तेव्हा
मी ते बूच काउंटरवर ठेवलं.
माइते इतकी हसली की मागचा पोरगा बाहेर आला.
"कारखान्यात डिपस्टिकच्या नळीला हे लावतात.
पहिल्यांदा पट्टी घातली की आत पडतं.
पहिल्यांदा पॅन उघडला की बाहेर येतं."

पहिल्यांदा.

अच्युतला राग आला, तो लुंडक्विस्टच्या नावानं
नेवाडा संपेपर्यंत बोलत होता.
मला दिसत होता दर एप्रिलला टेबलाशी बसलेला म्हातारा:
गाडीखाली शिरणं आता जमत नाही,
बायकोनं विचारलंय, झालं का,
आणि रकाना रिकामा ठेवायचा कसा?
कदाचित असं काही नसेलही. कदाचित नुसता आळशी असेल.

बूच चमच्यांच्या खणात ठेवलंय.
वहीत तेविसावी ओळ मी लिहिली:
मैल, खोल पॅनचा फिल्टर, नवीन गॅस्केट, तेल किती लागलं.
तारीख आदल्या दिवसाची, खरी.
एक जून.
आता पुढच्या मालकानं विश्वास ठेवावा कसा!