चोवीसचा नट

परकारने आधी बॅटरीची काळी वायर काढली,
मग हात पुसले, मग विचारलं,
"मॅडम, नक्की ना? जुनं ओरिजिनल आहे."
ओरिजिनल म्हणताना आवाज खाली घेतला,
आत कुणी आजारी झोपलं असावं तसा.

माझगावात, टेकडीच्या उताराखाली
त्याचं गॅरेज म्हणजे एक शटर आणि रस्त्याची डावी बाजू.
तिथे माझी लाल गाडी. दोन दारं, दोन सीटं,
छप्पर कापडाचं, शिवण दोनदा उसवलेली,
बॉनेटवर कावळ्यांनी मनापासून लिहिलेलं.
नव्व्याण्णव साली श्रीरंगने घेतली.
कागदांवर सह्या झाल्या तेव्हा
फ्लॅट त्याला, गाडी मला.
वकीलबाई म्हणाल्या, तोटा आहे.
मी बँकेत असते. तोटा मला कळतो.

स्टिअरिंगवर, घड्याळात दहा असतात त्या जागी
रेक्झिन झिजून गुळगुळीत, मधोमध एक चर.
अंगठीचा.
सिग्नलला बोट आपटायचा तो,
हाजी अली ते वरळी,
माझं बोलणं संपेपर्यंत.

हॉर्नचं बटण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं.
खाली चोवीसचा नट, गंजून बसलेला.
"पूर्ण काढायचा नाही. दोन आटे ठेवायचे.
नाहीतर जोर लावला की स्टिअरिंग थेट नाकावर."
त्याच्या नाकावर जुना पुरावा होता.

खूण करायला पंच सापडेना.
मी पर्समधला व्हाइटनर दिला.
एक ठिपका दांड्यावर, एक बाहेर.
मग गुडघा दाराला लावून
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
दाढ काढावी तसं त्याने ते हलवलं
आणि आलं.

आतले दाते लख्ख.
ग्रीस अजून मधाच्या रंगाचं.
एवढी वर्षं खाऱ्या हवेत उभ्या गाडीत
एक जागा अशी, जिथे कुणाचाच हात पोचला नव्हता.
मी पाहिलं. परकारनेही पाहिलं.
मग त्याने चहा सांगितला.

नवं कुर्ल्याचं, सीएसटी रोडवरचं.
घासाघीस करून अडीच हजार, वर बॉस किटचे नऊशे.
काळं चामडं, लाल दोरा, तेरा इंच.
जुनं पंधरा होतं.
"हात दुखतील. पॉवर नाही हिला."
दुखतातच, मी म्हटलं.

पहिल्यांदा एक दाता चुकला.
चाकं सरळ, आणि स्टिअरिंग मान कलती करून,
समजूतदार पाहुण्यासारखं.
राहू दे, चालेल, मी म्हणाले.
"चालेल कसं? रोज तुम्हीच बघणार."
पुन्हा सगळं खोललं. सहा ॲलन बोल्ट, एकेक.

बॅटरी जोडली आणि हॉर्न वाजायला लागला.
बटणाला कुणी शिवलंही नव्हतं.
भर दुपारी, मांजरं झोपलेल्या त्या गल्लीत
तो वाजतच राहिला.
वरच्या गॅलरीत कुटिन्हो अंकल बनियनवर आले,
"कोण मेला काय रे?"
परकार डॅशबोर्डखाली पाठ टेकून वायर शोधतोय,
पोरगा पक्कड शोधतोय,
मी बाहेर, हातात चहाचा रिकामा ग्लास.
मला हसू फुटलं. आवरेना.
हॉर्न थांबला तरी मी हसत होते,
आणि अंकल खाली बघत उभे.

साडेचारला निघाले.
डॉकयार्ड रोडच्या वळणावर खांद्यापर्यंत कळ गेली.
खड्डे आता तळहाताला कळतात, कडांसकट.
जुनं स्टिअरिंग शेजारच्या सीटवर, पेपरात गुंडाळून.
भंगारात द्यायचं म्हणून घेतलेलं.
रे रोडला करकचून ब्रेक मारला तर ते पुढे सरकलं
आणि माझा डावा हात आपोआप आडवा गेला,
तो माझ्यापुढे धरायचा तसा.
हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

गिअर राहून गेला, मागचा टेम्पो बोंबलला.
मी हॉर्न दाबला, एकदाच.
वाजतो.