शीट क्रमांक चारशे बारा

पावसाळा सरला की कपाटांची दारं उघडतात,
डांबरगोळ्यांचा वास जिन्यापर्यंत जातो.
गंगापूर रोडवरचं कॉलेज, दुसरा मजला, वनस्पतिसंग्रह.
सायमा एकेक शीट स्कॅनरखाली ठेवते,
मी पुढचं काढून देते.
कंपॉझिटीचा गठ्ठा सगळ्यात जाड.
"ॲस्टरेसी, मॅडम," ती म्हणते.
हो. ॲस्टरेसी.

एकदांडी निघाली, सायकल स्टँडमागची.
माका निघाला, गोदेच्या ओल्या काठचा,
केस काळे करणारा, स्वतः तपकिरी पडलेला.
सोनकी, पाथरी, गोरखमुंडी,
आणि गाजरगवत, जे कुणी हौसेनं आणलं नसणार,
तेही त्याच मापाच्या कागदावर,
तितक्याच टाक्यांनी शिवलेलं.

गायधनी सरांनी एकदा हातात सहदेवी दिली.
"फुलं किती?"
मी म्हणाले, एक.
सरांनी माझ्या वहीत भलंमोठं शून्य काढलं
आणि अर्ध्या ब्लेडनं ते एक फूल उभं चिरलं.
आत बावीस होती.
बावीस जांभळ्या नळ्या, प्रत्येकीचा पराग वेगळा,
बीजांड वेगळं, उमलायची पाळी ठरलेली:
कडेच्या आधी, मधल्या मागून.
एकदांडीची पाकळी म्हणून जी मी तोडत आले
तीही अख्खं फूल निघाली, टोकाला तीन दाते.
घरी आई लाखोलीचे झेंडू मोजत होती.
आई, तुझा लाख केव्हाच होऊन गेला, म्हटलं,
तर म्हणाली, देवाला मोजता येतं, तू गप्प बस.

मग चारशे बारा.
व्हर्नोनिया सिनेरिया. सहदेवी.
अंजनेरी, तळ्याच्या वरचं पठार, कातळातली फट.
फुलं जांभळी, सुकल्यावर फिकट.
संकलक: कु. कुंदा गांगुर्डे.
निळी शाई. उकार फार लांब,
खालच्या ओळीत पाय सोडून बसलेले.

"याचं नाव बदललंय," सायमा म्हणते.
"आता सायँथिलियम सिनेरियम.
आणि ही कुंदा गांगुर्डे कोण?
रजिस्टरात पुढे कुठेच नाही."

त्याच वर्षी मार्गशीर्षात, तांदळाच्या ताटात,
अंगठीनं त्यांनी मृदुला लिहिलं.
कुणी मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले.
ताट उचललं तशी अक्षरं हलली.
त्या तांदळाचा भात झाला असेल.

इथे तसं चालत नाही.
नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी लावायची, वर नाही.
जुनं नाव खोडायचं नाही.
पर्यायनाम म्हणून ते खाली राहतं, तिरक्या अक्षरात,
कुणी ठेवलं, कोणत्या साली, कोणत्या पानावर, त्यासकट.
रोपाला अर्थात यातलं काही ठाऊक नाही.
कातळाच्या फटीत ते सहदेवीसुद्धा नव्हतं.

"मीच ती," मी म्हणते.
सायमा माझ्याकडे बघते, मग उकारांकडे.
"उतरताना घसरले होते. गुडघा फुटला.
सरांनी एकदांडीचा पाला चुरडून लावला
आणि म्हणाले, हाही याच कुळातला, लिहून ठेव.
त्र्यंबकची एस.टी. चुकली त्या लिहिण्यात."

चिठ्ठी लिहायला घेते. नवं नाव, आजची तारीख.
निश्चिती कोणी केली, त्या रकान्यात पेन थांबतं.
पंखा फिरतोय. शीटवरून एक फळ सुटतं,
पांढऱ्या पिच्छाची छत्री उघडून
टेबलाच्या कडेपर्यंत तरंगत जातं.
सायमा धावत जाऊन पंखा बंद करते.

ते उगवायचं नाही. विषाच्या पाण्यातून
मीच काढलं होतं त्याला, या हातांनी.
तरी चिमट्यानं उचलते,
कोपऱ्यातल्या कागदी पाकिटात ठेवते,
सुटलेल्यांसाठीच असतं ते,
आणि रकान्यात दोन्ही नावं लिहिते.
जागा पुरत नाही.
उकार अजूनही लांबच येतो.