तिरकी खूण

चौकट काढायला बोलावलं होतं मला.
सागवानी, वाळवी नाही,
तरी मालकाला ॲल्युमिनियम हवं.
गंगावेशीकडून आत, दुधाच्या कट्ट्यामागं
बोळाच्या पाटीवर नाव नवीन आहे,
पोस्टमन मात्र अजून म्हणतो, तेल्यांची बोळ.

उजव्या खांबावर, खांद्याच्या जरा वर,
रंगाचे सात थर खरवडले
तेव्हा निघाली बोटभर फिकट जागा,
वर खिळ्याचं एक भोक, खाली एक.
ओळंबा सोडला. तिरकी.
म्हटलं, शिकाऊ पोराचं काम.

"शिकाऊ न्हवं," समोरच्या पायरीवरनं बाळगोंडा बोलले.
"एलिझर अण्णाचं हाय ते. पितळंची नळी हुती,
आत कागूद गुंडाळल्याला.
थोरला म्हणायचा उभी, धाकटा म्हणायचा आडवी.
आईनं दोघांचंबी ऐकलं."

मग बसल्या जागी ते बोळ बांधत गेले.
हितं घाणा. शुक्रवारी दिवस कलला की बैल सोडायचा,
शनवारी बैलालाबी सुट्टी,
अख्ख्या पेठंत तेवढंच एक जनावर नशीबवान.
त्या माडीवर त्यांची मशीद. आपल्या पिंजाऱ्यांची न्हवं, येगळी.
दहा बाप्ये लागायचे.
नऊच भरले की मिरजेच्या गाडीची वाट बघायची.
आणि हितं मिलकाबाई मलिदा कालवायची,
पोहे, खोबरं, वेलदोडा.
साखर पायजे म्हणं, पर कोल्हापुरात गूळच पडायचा.
वास तालमीपातूर. पैलवान जोर मोजायचं चुकायचे.

मी बोटामागं बघत होतो.
मोबाईलच्या कव्हरांचं दुकान.
एक जिना, वर जाऊन भिंतीत संपणारा.

"शनवारी त्यास्नी इस्तू पेटवाय चालत न्हवतं.
मी सात वर्सांचा. चूल मी पेटवायचो.
पैशालाबी शिवत न्हवते त्या दिवशी,
मग माझा आणा रविवारी."

"आणि?"

"आणि काय. एका रविवारी उजाडायच्या आत टांगा लागला.
मुंबई, तिथनं बोट.
मी उठून आलो तर घाण्याला कुलूप.
येक आणा ऱ्हायलाय."

दुपारी चौकट कापली.
नवी बसवली, ओळंब्यात, केसभर फरक नाही.
जुनी लाकडं टेम्पोत टाकताना
बाळगोंडा काठी टेकत आले,
खुणेचा तुकडा त्यांनी हातात धरून ठेवला होता.
"ह्याचं किती घेशील?"
राहू द्या म्हटलं.
"फुकट नको." खिशाकडं गेलेला हात थांबला.
"वार कुठला आज?"
शनिवार.
"मग उद्या ये."