खटका

डॉक्टरांनी कागदावर बदाम काढला.
"भीती इथं राहते," म्हणाले.
मी मनात म्हटलं, आमच्याकडं तर
दोन खोल्यांत मावत नाही ती.

तीन वर्षं झाली,
अक्कलकोट रोडला टॉवेलचं गोदाम पेटलं.
माझा भाऊ श्रीहरी मागच्या जाळीतून बाहेर पडला.
लिंबाद्री त्याच्या मागंच होता.
मागंच होता, एवढंच तो सांगतो.

रात्री अडीचला उठतो.
दाराला पालथा हात लावून बघतो, तापलंय का.
मे महिन्यात सोलापुरात
कुठलं दार थंड असतं?
काय सांगू त्याला.

डॉक्टर मराठीत सांगतात,
मी घरी तेलुगुत नेते, वाटेत थोडं सांडतं.
बदामाशेजारी एक वळलेली गाठ,
झाल्या गोष्टीवर तारीख टाकणारी.
ती आकसली की कालचं आणि आजचं
एकाच चादरीत विणलं जातं:
जॅकार्डचा पत्ता अडकल्यासारखं
तोच मोर, तोच मोर, तोच मोर.

मला वाटलं, कॉर्टिसॉल वाढलं असणार.
टीव्हीवर तसंच सांगतात.
"नाही," म्हणाले, "याचं कमीच भरतंय.
पळ म्हणणारं रसायन उतू जातंय,
पुरे म्हणणारं थोडं."

तेव्हा श्रीहरी बोलला. तासाभरात पहिल्यांदा.
"म्हणजे खटका गेलाय."

डॉक्टरांना कळलं नाही.
मग त्यानं हातानं करून दाखवलं:
धागा तुटला की बारीक पत्ती खाली पडते,
माग आपोआप थांबतो.
पत्तीत कचरा साठला तर पडत नाही.
माग चालूच.
कापडही निघत राहतं,
वारभर, दोन वार, फट पडलेलं.
"कारागीर चांगला असला तरी," तो म्हणाला,
आणि माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी ते केसपेपरच्या मागं लिहून घेतलं.

गोळी रात्री अर्धी.
घाम येतो, तोंड कोरडं पडतं,
भाकरी करपली की अजून अंगणात पळतो,
पण परत येतो. स्वतःच्या पायांनी,
तारीख मोठ्यानं म्हणत.

काल हजार विड्या पुऱ्या करून
उशिरा आडवी झाले.
अडीचला जाग आली. श्रीहरी झोपला होता,
तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा.

दाराला पालथा हात लावून
मी उभी होते.